जुन्या किनाऱ्याचे नवे रंग

कृष्णधवल छायाचित्रांत हातानें रंग भरण्याची कला आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. पूर्वीं कुंचला थेट छायाचित्रावर फिरे. हात चुकला कीं चित्र बिघडे. आतां समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या वेळापुरांतही हें काम संगणकाच्या पडद्यावर करतां येतें. मूळ चित्रावर रंगाचा निराळा थर चढतो. उजेड आणि सावली मूळचीच राहते, आणि थर काढला कीं चित्र पूर्ववत् होतें.

तथापि सावधगिरी हवी. एकोणिसाव्या शतकांतील काचांवरचा लेप निळा प्रकाश चटकन् टिपी. तांबडा त्यास जवळजवळ दिसतच नसे. म्हणून कोंकणच्या त्या काळच्या चित्रांत आकाश पांढरें पडतें आणि जांभ्या दगडाची भिंत काळवंडते. ती काळीच समजून रंगविली, तर नातवंडांना खोटें कोंकण दिसेल. समुद्रही पावसाळ्यांत गढूळ असतो, दिवाळीनंतर निवळतो. यास्तव किनाऱ्यावर राहणाऱ्यांस आधीं विचारावें, मूळ प्रत जपावी आणि रंगीत प्रतीखालीं ‘रंग मागाहून भरले’ असें लिहावें. म्हणजे कॅमेऱ्यानें टिपलेलें कोणतें व आपण भरलेलें कोणतें, हें पाहणारास कळेल.