फ्लोरेस बेटावरील एक खेडे आणि तेथील जमीन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी काही मोठा प्रवासी नव्हे. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत भूगोल शिकविला, तो सारा भिंतीवरच्या नकाशावरून. जावा, सुमात्रा, बाली, फ्लोरेस ही नावे मुलांकडून घोकून घेतली. त्यांपैकी एखाद्या बेटावर आपले पाऊल पडेल असे कधी स्वप्नातही आले नव्हते. ते पडले, आणि ज्या कारणाने पडले ते आपणांपुढे मांडावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून आज उभा आहे.

कारण असे, की गेली काही वर्षे आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत एक रंगीत पत्रक फिरते आहे. इंडोनेशियातील निसर्गरम्य खेड्यात, समुद्रानजीक, स्वस्तात जमीन घ्या, घर बांधा, पाहुणे ठेवा, घरबसल्या उत्पन्न मिळवा, असा त्यातील मजकूर. माझा भाचा नोकरीनिमित्त जकार्त्यास असतो. त्यालाही फ्लोरेस बेटाच्या दक्षिण अंगास असाच एक तुकडा दाखविण्यात आला. त्याने मला विचारले, "मामा, घेऊ का?" मी म्हटले, "अवश्य घे. सोने चोरीस जाते, पैसा खर्च होतो, जमीन बुडत नाही." हा सल्ला मी जन्मभर सर्वांना दिला आहे. त्याने तीन लाख रुपये बयाणा दिला. पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

२०२४ सालच्या जून महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. आम्ही दोघे मिळून तो तुकडा पाहण्यास निघालो, आणि त्याच मुशाफिरीत वाए रेबो नावाचे गाव पाहिले. आधी गावाबद्दल सांगतो, कारण ते गाव पाहिल्यावाचून जमिनीचे कोडे मला उलगडले नसते.

फ्लोरेस हे सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीचे डोंगराळ बेट. नाव पोर्तुगीजांनी दिलेले, अर्थ फुले. वस्ती बहुसंख्य कॅथलिक. पश्चिम टोकाला लाबुआन बाजो हे बंदर. कोमोडोचे अजस्र सरडे पाहण्यास जाणारे प्रवासी येथेच उतरतात. इंडोनेशिया सरकारने २०१९ पासून या बंदराची गणना आपल्या पाच अग्रगण्य पर्यटनस्थळांत केली, आणि २०२३ च्या मे महिन्यात आग्नेय आशियाई राष्ट्रांची शिखर परिषदही तेथे भरली. तेव्हापासून जमिनीचे दलाल गावोगाव हिंडू लागले असल्यास नवल नाही.

बंदरापासून मोटारीने पाच-सहा तास गेले, की देंगे हे पायथ्याचे गाव लागते. तेथून पुढे काही अंतर रस्ता आहे, आणि तो संपला की दाट रानातून दोन-तीन तासांची चढण. माझ्यासारख्या गुडघे धरलेल्या माणसास चार तास लागले. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच अशा त्या जागी, चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या हिरव्या खळग्यात, शंकूच्या आकाराची सात घरे एकदम दृष्टीस पडतात. दुरून पाहता शेतातील गवताच्या उडव्याच वाटाव्यात.

परंतु सरळ आत शिरावयाचे नाही. वाटेवर एक छपरी आहे. तेथे बांबूचा ठोकळा वाजवून वर्दी द्यावयाची. मग प्रथम मुख्य घरात जावयाचे. तेथे गावातील वृद्ध पूर्वजांना सांगतात, की अमुक पाहुणे आले आहेत, त्यांना सांभाळा. या विधीस 'वाए लुउ' म्हणतात. तो होईपर्यंत छायाचित्र काढावयाचे नाही. भाच्याने माझा परिचय करून देताना 'गुरु' हा शब्द उच्चारला आणि मी चमकलो. त्यांच्या भाषेत शिक्षकास गुरु, भाषेस 'बहासा', पृथ्वीस 'बूमी' आणि खेड्यास 'देसा' म्हणतात. चाळीस वर्षे नकाशावर काठी फिरविली, पण हे मला ठाऊक नव्हते!

घरास 'म्बारू नियांग' म्हणतात. उंची सुमारे पंधरा मीटर. खिळा नाही, लाकूड वेताने बांधलेले, वरून पानांचे व ताडवर्गीय झाडाच्या काथ्याचे छप्पर थेट जमिनीपर्यंत उतरलेले. आत पाच मजले. खालच्यावर माणसे राहतात. दुसऱ्यावर धान्य व चीजवस्तू, तिसऱ्यावर बियाणे, चौथ्यावर दुष्काळासाठी राखून ठेवलेले अन्न, आणि अगदी टोकाला पूर्वजांचा नैवेद्य. माणसाने खाली राहावे, बियाणे त्याच्या डोक्यावर असावे आणि पितर सर्वांच्या वर, ही रचना मला फार मनोज्ञ वाटली. मुख्य घरात आठ कुटुंबे राहतात, इतरांत सहा-सहा. एक घर पाहुण्यांसाठी. अंगणाच्या मध्यभागी दगडांचा गोल चौथरा आहे, तो त्यांचा पूजास्थानाचा कट्टा. आमचा मूळपुरुष सुमात्रा बेटावरील मिनांगकाबाऊ प्रदेशातून आला, असे ते सांगतात.

ही घरे मोडकळीस आली होती. २००८ साली योरी अंतार या इंडोनेशियन वास्तुशिल्पज्ञांची मंडळी तेथे गेली, तेव्हा चारच उभी होती. त्यानंतर देणगीदारांच्या साह्याने, पण गावकऱ्यांच्याच हातांनी, सातही घरे पुन्हा उभारली गेली. वृद्धांना बांधणी ठाऊक होती, तरुणांना ती शिकविली गेली. २०१२ साली युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा-जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामास दिला. बाहेरचा पैसा गावात आला, तो कसा आला हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. देणाऱ्यांनी गावाची जमीन आपल्या नावे करून घेतली नाही.

आमच्या ज्ञातीतील कोणास तेथे जावयाचे असेल, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. भारतीयांना इंडोनेशियात उतरल्यावर तीस दिवसांचा प्रवेशपरवाना मिळतो व तो एकदा वाढविता येतो. शुल्क पाच लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नये. आपले अडीच-पावणेतीन हजार रुपये होतात. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ बरा. पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि जळवा चढतात. रात्री वेताच्या व पानांच्या चटयांवर सर्व पाहुणे वर्तुळात निजतात, स्त्री-पुरुष एकाच घरात, याची भगिनींनी पूर्वकल्पना ठेवावी. शाकाहारी असाल तर आधी कळवा; भात, भाजी व झणझणीत मिरची मिळते. थंडी पुष्कळ. राहण्याजेवणाचे शुल्क ठरलेले असते व ते गावाकडे जमा होते; घासाघीस करू नये. गावातील शाळकरी मुले खाली कोम्बो नावाच्या जोडवस्तीत राहून शिकतात. हे ऐकून माझ्यातील मास्तर थोडा हळहळला. मुलांवाचून गाव दुपारी फार शांत वाटते.

आता जमिनीचे. संध्याकाळी मी भाच्याकरवी एका वृद्धास विचारले, की ही सारी जमीन कोणाची? त्यांनी मुख्य घरात टांगलेल्या नगाऱ्याकडे बोट दाखविले. मला वाटले, म्हाताऱ्याला प्रश्न समजला नाही. परंतु प्रश्न त्यांना समजला होता. उत्तर मला समजले नव्हते.

या मांगाराई लोकांत एक म्हण आहे : 'गेंडांग ओने, लिंगको पेआंग'. नगारा आत, शेत बाहेर. ज्या गावाच्या मुख्य घरात नगारा, त्या गावाची भोवतालची सामाईक शेती. एकावाचून दुसरे नाही. गावाचा मुख्य तो 'तुआ गोलो', आणि शेतजमीन वाटून देणारा तो 'तुआ तेनो'. वाटणीची रीत पाहावयाची तर रुतेंग शहराच्या पश्चिमेस चांचार येथे टेकडीवर चढावे. खाली भाताची शेते कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली दिसतात. नवे शेत काढताना मध्यभागी एक खुंटा रोवतात, आणि त्या बिंदूपासून प्रत्येक कुटुंबाचा वाटा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाहेर रुंदावत जातो. मधला वाटा मोजतात तो बोटांनी. ज्याचा मान मोठा वा कुटुंब मोठे, त्याची बोटे जास्त. खुंट्यापाशी एका बोटाचा फरक काठावर केवढा होतो, हे मी पाटीवर काढून पाहिले. भूमितीचा पाठ म्हणून कोणत्याही वर्गात शोभेल!

बाहेरचा माणूस तेथे जमीन मागूच शकत नाही असे नाही. जुनी रीत अशी, की त्याने कोंबडा व ताडी घेऊन गावप्रमुखाकडे जावयाचे. या मागणीचे नावच 'कापू मानुक, लेले तुआक'. मान्य झाले तर जमीन मिळे. पण ती किंमत चुकती करून सुटल्यासारखी नव्हे. घेणारा त्या गावाशी, त्याच्या नगाऱ्याशी बांधला जाई. आज घोटाळा होतो तो नेमका येथे. एका पिढीने कोंबड्यावर दिलेली जमीन दुसरी पिढी नोटांवर विकते, तिसरे कुळ उठून म्हणते की ती देण्याचा अधिकार त्यांना नव्हताच, आणि तिघांकडेही आपापला कागद असतो.

माझ्या भाच्याचा तुकडा असाच निघाला. समुद्रापासून दीडएकशे पावलांवर, नारळीची झाडे, पलीकडे निळे पाणी. पाहून माझाही जीव क्षणभर लोभावला, हे कबूल करतो. तिथे उभे असतानाच दोन माणसे आली व शांतपणे म्हणाली, की ही जागा आमच्या कुळाची आहे, आम्ही ती कोणास विकलेली नाही. ज्याने बयाणा घेतला होता तो दूर शहरातील मध्यस्थ. त्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. ते तीन लाख परत आले नाहीत. भाचा मला एका शब्दानेही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

परत आल्यावर आम्ही एका वकिलाकडून कायदा नीट समजून घेतला. आधी पैसे आणि मग कायदा, हा आमचा क्रम. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० सालचा. त्यातील पूर्ण मालकीस 'हक मिलिक' म्हणतात. आपले हक्क आणि मालकी हे शब्दही त्याच अरबी धातूंतून आलेले, म्हणून कानास ओळखीचे वाटतात. पण हा हक्क केवळ इंडोनेशियन नागरिकास आहे. परदेशीयाकडे अशी जमीन सरळ वा आडवाटेने हस्तांतरित केली, तर व्यवहार रद्द आणि जमीन सरकारजमा, असे कलम २६ सांगते. दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. पत्रकातला "स्थानिक इसमाच्या नावे घेऊन देऊ" हा प्रकार म्हणजे आपल्याकडील शुद्ध बेनामी व्यवहार होय. भाच्यालाही एका मोटारचालकाच्या नावे कागद करण्याचे सुचविले होते.

परदेशीय माणसास मिळू शकतो तो 'हक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क. २०२१ च्या नियमांप्रमाणे ३० वर्षे, पुढे २० ची मुदतवाढ व ३० चे नूतनीकरण. तोही तेथे वास्तव्याचा अधिकृत परवाना असेल तर. तो अधिकार संपला, तर वर्षाच्या आत हक्क सोडावा लागतो. बालीमध्ये २५-३० वर्षांचे भाडेपट्टे पुष्कळ होतात, भाडे बहुधा एकदम आगाऊ. मुदत संपली की बांधलेल्या घरासह जमीन मूळ मालकाकडे. त्यास पत्रकात "विकत" म्हटलेले असते. कंपनी काढून धंदा करावयाचा, तर परकीय भांडवलाच्या कंपनीस जमीन व इमारत वगळून दहा अब्ज रुपियांवर गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे आपले पाच कोटींहून अधिक. समुद्रकाठची भरतीरेषेपासून किमान शंभर मीटर पट्टी तर सर्वसाधारणपणे राखीवच असते. इकडून पैसे पाठवावयाचे, तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरांची मर्यादा आहे, आणि परदेशी मालमत्ता प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते. पत्रकात हे एक अक्षरानेही नाही.

आणि हे झाले साधारण जमिनीचे. वाए रेबोसारख्या गावाची सामाईक जमीन ही याहून वेगळी. १९६० च्या त्याच कायद्यात परंपरागत समाजांच्या सामाईक हक्कांस, ते खरोखर जिवंत असतील तेथे व राष्ट्रहितास बाध येणार नाही अशा बेताने, मान्यता आहे. रूढ समाजांची वने ही सरकारी वने नव्हेत, असा निर्णयही त्यांच्या घटना-न्यायालयाने २०१३ साली दिला. तेव्हा अशा गावातला भूखंड कोणी दाखवू लागला, तर सातबारा मागू नये. नगारा कोणत्या घरात आहे आणि त्या घराने होकार दिला आहे काय, हे विचारावे. मला तरी त्या गावात विकाऊ भूखंड कोठे दिसला नाही.

ज्यांना तेथे पैसा लावावयाचाच आहे, त्यांनी काय करावे, असे काल मला एका तरुण ज्ञातिबंधूंनी विचारले. मी अर्थशास्त्री नव्हे. पण त्या गावात दोन जिन्नस मोकळेपणाने विकले जातात : बायकांनी मागावर विणलेली वस्त्रे आणि डोंगरउतारावरची कॉफी. कॉफीचा माल डोंगर उतरवून बाजारापर्यंत नेणे हेच त्यांचे मोठे कष्ट आहे. व्यापार जाणणाऱ्या आपल्या मंडळींना त्यात काही सुचले, तर जमिनीचा एक चौरस फूटही न घेता दोघांचा फायदा होईल. पत्रव्यवहारास माझा भाचा तयार आहे. पत्ता चिटणिसांकडे दिला आहे.

पत्रकावर सह्या केलेल्या तीन कुटुंबांनी अद्याप पैसे भरलेले नाहीत, असे मला सकाळी समजले. त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावे. वकिलाने दिलेल्या टिपणाची प्रत मी बरोबर आणली आहे. वाए रेबोहून आणलेली दोन किलो कॉफीही भटारखान्यात दिली आहे. ती दूध न घालता पितात, पण आपल्या चहापानात दूध-साखर वेगळी ठेविली आहे.