युद्धस्मरण : शाळेतील मुलांच्या हाती काय द्यावे?



नोव्हेंबर महिना उजाडला की ब्रिटनमधील शाळाशाळांतून तांबड्या कागदाची फुले कापण्याचे काम सुरू होते. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता थांबले. त्या घटकेला वर्गात दोन मिनिटे शांतता पाळली जाते आणि मुलांनी चिकटवलेल्या फुलांची माळ भिंतीवर लागते. मुलांना हे काम आवडते, शिक्षकांना एक उपक्रम पार पडल्याचे समाधान मिळते, पालकही कौतुकाने पाहून जातात. परंतु या तासाला मूल नेमके काय शिकले, हे सहसा कोणी विचारीत नाही. मृतांच्या स्मरणाविषयी प्रश्न उपस्थित करणे पुष्कळांना अप्रशस्त वाटते. युद्धाविरुद्ध लोकमत घडवू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांना मात्र तो टाळता येणार नाही. युद्ध म्हणजे काय, याविषयीची माणसाची पहिली समजूत बहुधा अशाच एखाद्या हस्तकलेच्या तासाला घडते आणि पुढे भाषणांनी व ठरावांनी ती बदलणे फार जड जाते.

त्या फुलाची हकीकत जरी मुलांना सरळपणे सांगितली तरी तास वेगळा होईल. पॉपीचे, म्हणजे रानखसखशीचे, हे फूल फ्लँडर्सच्या उखणलेल्या रणभूमीवर उगवत असे. १९२१ साली ब्रिटनमध्ये ते प्रथम स्मरणचिन्ह म्हणून विकले गेले, तेव्हा विक्रीची फुले युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समध्ये तिथल्या बायकामुलांनी बनविली होती. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एक कारखाना निघाला आणि हातपाय गमावलेले सैनिक तिथे फुले बनवू लागले. अशा सैनिकांसाठी जो निधी जमे, त्याला फील्ड मार्शल हेग यांचे नाव होते. फुलाच्या मधोमध असलेल्या काळ्या बटणावर ते १९९४ सालापर्यंत छापले जात होते. याच हेग यांच्या सेनापतित्वाखाली १ जुलै १९१६ रोजी, सोम येथील लढाईच्या पहिल्या एका दिवसात, ब्रिटिश फौजेतील ५७ हजारांहून अधिक माणसे जायबंदी किंवा नाहीशी झाली. त्यांपैकी १९ हजारांवर प्राणाला मुकली. ज्याच्या हुकमाने माणसे पांगळी झाली त्याच्याच नावाने पांगळ्यांसाठी वर्गणी गोळा व्हावी, यातील विसंगती दहा वर्षांच्या मुलालाही कळते. मोठ्यांनाच ती बोलून दाखवण्याचा संकोच वाटतो.

१९३३ साली ब्रिटनमधील सहकारी चळवळीतल्या स्त्रियांच्या को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड या संघटनेने पांढरे पॉपी काढले. या बहुतेक श्रमिक घरांतल्या बायका. कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा युद्धात गेलेला. त्यांचे म्हणणे साधे होते : मेलेल्यांची आठवण ठेवायची तर पुन्हा कोणाला असे मरावे लागू नये, हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे. यावरून मोठा गहजब झाला. हा सैनिकांचा अपमान आहे असे म्हटले गेले, आणि ते आजही म्हटले जाते. पीस प्लेज युनियन ही शांततावादी संघटना पुढे ही फुले वाटू लागली व अद्याप वाटते.

आता एखाद्या शिक्षकाने वर्गातील मेजावर दोन्ही रंगांचे कागद ठेवले आणि प्रत्येक मुलाला सांगितले की कोणते फूल बनवायचे ते तू ठरव, दोन्ही बनव किंवा एकही बनवू नकोस, मात्र कारण चार ओळींत लिही; तर कात्री तीच, खळ तीच, परंतु मुलाला विचार करणे भाग पडते. सर्जनशील उपक्रम हा शब्द शिक्षणखात्याच्या परिपत्रकांतून इतका घासला गेला आहे की त्याचा अर्थच हरवला आहे. शिक्षकाने छापील आकृती द्यावी आणि चाळीस मुलांनी तिच्यात एकच रंग भरावा, यात सर्जन कसले? ती कवायतच झाली, फक्त बसून केलेली.

हिरोशिमाच्या अनुभवातून याविषयी पुष्कळ शिकता येते. सादाको सासाकी या मुलीची गोष्ट आता जगभरच्या शाळांत सांगितली जाते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. दहा वर्षांनी तिला रक्ताचा कर्करोग झाला. इस्पितळात ती औषधांच्या वेष्टनांच्या कागदापासून सारस पक्षी घडवीत राहिली आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी, वारली. तिच्या वर्गातील मुलांनी वर्गणीची मोहीम काढली, तीन हजारांहून अधिक शाळा तीत सामील झाल्या आणि १९५८ च्या मे महिन्यात मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. आज तिथे दरवर्षी सुमारे एक कोटी कागदी सारस येऊन पडतात. पुढे ही गोष्ट एका अमेरिकन लेखिकेने १९७७ साली मुलांसाठी लिहिली, तेव्हा तीत हजार पक्षी पुरे होण्याआधीच मुलीला मरण येते असे दाखविले. वस्तुतः सादाकोने हजार पुरे केले होते आणि त्यानंतरही ती पक्षी करीत राहिली. फरक लहान दिसतो, पण तो लहान नाही. पक्षी कमी पडले म्हणून मुलगी गेली असा ठसा मुलाच्या मनावर उमटला, तर बाँब कोणी टाकला आणि का टाकला, हे प्रश्न गोष्टीबाहेरच राहतात. हजार पुरे होऊनही ती गेली, हे कळलेले मूल मात्र अस्वस्थ होते आणि विचारू लागते.

याच शहरातील दुसरा उपक्रम कमी माहीत असलेला, पण अधिक मोलाचा आहे. १९७४ साली ७७ वर्षांचा एक वृद्ध हिरोशिमाच्या नभोवाणी-दूरचित्रवाणी केंद्रात स्वतः काढलेले एक चित्र घेऊन आला. बाँब पडला त्या दिवशी एका पुलाच्या परिसरात पाहिलेले दृश्य त्याने जवळजवळ तीस वर्षांनी कागदावर उतरवले होते. केंद्राने इतरांनाही आवाहन केले आणि दोन वर्षांत दोन हजारांहून अधिक चित्रे जमली. काढणारे कोणी चित्रकार नव्हते, सामान्य नागरिक होते. कित्येकांनी चित्राच्या कडेला शब्दही लिहिले होते, कारण एकट्या रेषेने त्यांचे समाधान होत नव्हते.

ती पिढी संपत चालली, तेव्हा २००७ पासून मोतोमाची हायस्कूलमधील कलाशाखेचे विद्यार्थी ते काम करू लागले. बाँबमधून वाचलेला एक साक्षीदार आणि सोळा-सतरा वर्षांचा एक विद्यार्थी अशी जोडी ठरते. साक्षीदार आपल्या आठवणीतील एक प्रसंग सांगतो. विद्यार्थी कच्चे रेखाटन करतो, पुन्हा भेटतो, पुन्हा विचारतो, आणि कित्येक महिन्यांनंतर तैलचित्र पुरे होते. ते चित्र साक्षीदार पुढे आपली हकीकत सांगताना श्रोत्यांना दाखवतो. या भेटींत काय घडत असेल याची कल्पना करावी. नदीचा रंग कोणता होता, आकाश काळे होते की तांबूस, आईने अंगावर काय घातले होते, भाजलेली कातडी कशी दिसते, हे प्रश्न विद्यार्थ्याला विचारावेच लागतात. कुंचला उचलायचा तर 'भयंकर विध्वंस झाला' या वाक्यावर भागत नाही. 'विध्वंस' हा शब्द चितारता येत नाही. एक हात, एक पाण्याची बाटली, एक जळका डबा चितारता येतो. म्हाताऱ्याला आपले ओझे कोणीतरी उचलते आहे असे वाटते, आणि मुलाला इतिहास हा एका माणसाच्या आवाजात ऐकू येतो. हजारो रुपयांच्या क्रमिक पुस्तकांनी जे साधत नाही ते इथे एका खोलीत दोन माणसे साधतात.

लहान मुलांना इतके दाहक काही दाखवू नये, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. सात वर्षांच्या मुलाला जे द्यायचे ते सोळा वर्षांच्या मुलाहून वेगळे असले पाहिजे. परंतु या आक्षेपाच्या आडून काय काय वगळले जाते तेही पाहावे. केइजी नाकाझावा या हिरोशिमातून वाचलेल्या चित्रकाराने १९७३ पासून 'हदाशी नो गेन', म्हणजे अनवाणी गेन, ही चित्रकथा लिहिली. २०२३ साली खुद्द हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने शांतिशिक्षणाच्या साहित्यातून तिचा उतारा काढून टाकला. ज्या प्रसंगांविषयी अडचण वाटली त्यांपैकी एकात आजारी आईला खायला मिळावे म्हणून मुलगा दुसऱ्याच्या तळ्यातील मासा चोरतो. आजच्या मुलांना हा संदर्भ समजावून सांगावा लागेल, असे कारण दिले गेले. समजावून सांगण्यासाठीच तर शाळा असते! युद्धकाळी गरिबाच्या घरात भूक होती, आणि त्या भुकेने मुलाला चोरी करायला लावले, एवढेच त्या चित्रात आहे. स्मरणातून नेमकी भूक वगळली जाते, हे केवळ जपानपुरते खरे नाही.

आता ब्रिटनकडेच पुन्हा वळू, कारण त्या स्मरणाशी महाराष्ट्राचा धागा जुळलेला आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या साम्राज्याच्या युद्धकबर आयोगाने असे तत्त्व जाहीर केले की मृत सैनिकांत हुद्दा, वर्ग वा धर्म यांवरून भेद होणार नाही. प्रत्येकाला सारखा दगड मिळेल. कुटुंबाला हवे तर दगडाच्या तळाशी स्वतःचे शब्द कोरून घेता येत, जास्तीत जास्त ६६ अक्षरे. प्रत्येक अक्षरामागे साडेतीन पेन्स घेतले जात. पुढे ही रक्कम ऐच्छिक केली गेली. मुलांना हे सांगून लिहायला बसवावे : तुझ्या भावाच्या दगडावर ६६ अक्षरांत काय लिहशील? आणि घरात पैसे वीसच अक्षरांचे असतील तर कोणती अक्षरे गाळशील? भाषेच्या तासाला याहून कसदार लेखन क्वचितच होईल. वर्ग म्हणजे काय, हेही त्यातून वेगळे शिकवावे लागणार नाही.

ती समानता मात्र सर्वांपर्यंत पोचली नाही. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुत येथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत १४७ दिवस वेढा पडला होता. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शेवटी घोड्याच्या मांसावर दिवस काढून सुमारे तेरा हजार लोक शरण गेले. त्यांत बहुसंख्य हिंदी सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे बाजारबुणगे होते. कैदेतल्या पायपिटीत त्यांच्यापैकी पुष्कळांनी प्राण सोडले. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले. हिंदी फौजेतील अधिकाऱ्यांची नावे लागली, पण साध्या शिपायांच्या वाट्याला पलटणीपुढे आकडा आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये या आयोगाच्या वारसदार संस्थेने स्वतःच अहवाल काढून हे मान्य केले. हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. संस्थेने माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही संसदेत मागितली. शंभर वर्षे लागली.

तोच हिशेब महाराष्ट्रातही दगडावर आहे. सातारा, रत्नागिरीकडच्या काही गावांतून संगमरवरी पाट्या आढळतात. मजकूर ठरावीक : या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतकी मेली. नाव नाही. ही माणसे का गेली, हेही पाटी सांगत नाही. दुष्काळ, सावकार, तुकड्यातुकड्यांची जमीन आणि महिन्याच्या महिन्याला हाती पडणारा पगार, हे कारण पाटीवर कोरण्याजोगे कोणाला वाटले नसावे.

अशा गावच्या शाळेत काम सुरू करायला खर्च लागत नाही. पाटीवर कागद धरून वर शिसपेन्सिल घासली की अक्षरे उमटतात. प्रत्येक मुलाने आपला ठसा काढावा. आकडा बारा असेल तर गावच्या मातीचे बारा दिवे किंवा बारा बाहुल्या कराव्यात, आणि प्रत्येकीला नाव शोधायला निघावे. शोधताना घराघरांतून १९६२, १९६५, १९७१, १९९९ यांच्या आठवणीही निघतील. वर्गात ज्याचा बाप आज सीमेवर आहे असे मूल असेल, आणि त्याच्या चित्रात शौर्याऐवजी भीती उतरली, तर शिक्षकाने ती पुसू नये. ते चित्रही इतरांच्या शेजारी लावावे. पलीकडच्या देशातील मुलाचा बाप कोणी काढला, तर त्यालाही भिंतीवर जागा असावी. यावर गावात कुरकूर होईल. शाळा समितीतील एखादा पुढारी येऊन जाब विचारील. तेव्हा कार्यकर्त्यांनी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहावे. एकट्या शिक्षकाकडून धैर्याची अपेक्षा करून घरी बसणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

नावे मिळणे अशक्य नाही. बसऱ्याच्या दगडावर जे नाही ते नोंदवह्यांत पुष्कळदा आहे, आणि त्या नोंदी आता कोणालाही फुकट पाहता येतात. पलटणीचा क्रमांक घेऊन शोधले तर शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असे निघते. परंतु ते सारे इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरलेले आहे. गावांची नावे ओळखू येणार नाहीत इतकी मोडलेली आहेत. लंडनमधील अभ्यासकाला ती लागणार नाहीत. त्या तालुक्यातील सातवीच्या मुलीला मात्र मोठ्याने वाचल्यावर लागतील, कारण पलीकडच्या वाडीचे नाव तिला ठाऊक असते. तिने ते फळ्यावर देवनागरीत लिहावे, बापाच्या नावासकट, आणि मग बारा बाहुल्यांपैकी एकीखाली चिठ्ठी लावावी. उरलेल्या अकरांचे काम पुढच्या वर्षीच्या सातवीकडे द्यावे.