कचरा डेपो येण्याआधी बोला



शेतीच्या कार्यक्रमात कचऱ्याचं काय काम, असं आपल्याला वाटेल. पण शहराचा कचरा शेवटी जातो कुठं? खेड्याच्या शिवारात. सोलापूरचा कचरा तुळजापूर रस्त्यानं भोगावच्या बाजूला जातो, हे आपण जाता-येता पाहिलं असेल. म्हणून हा प्रश्न आपल्या विहिरीचा आहे.

आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम आणि भेगाळ काळा दगड. विहिरीला पाणी येतं ते या भेगांतूनच. उघड्या कचऱ्यावर पाऊस पडला की काळं पाणी पाझरतं आणि याच वाटेनं ते विहिरीत उतरू शकतं. पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीत तसंच झालं. विहिरींचं पाणी नासलं, टँकर आले. २०१४-१५ साली गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पण तोवर पाणी बिघडून गेलं होतं.

तेव्हा बोलायचं ते जागा पक्की होण्याआधी. ज्या कचरा प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागते, तिथं ती सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं. जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हादंडाधिकारी दर्जाचे अधिकारी अध्यक्ष असतात. वर्तमानपत्रात किमान ३० दिवस आधी सूचना येते आणि अहवालाचा मराठी सारांश पाहायला ठेवतात.

अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात :

१) प्रस्तावित जागेचा गट नंबर विचारून घ्यावा. ओढा, तलाव, वस्ती आणि विहिरी किती अंतरावर आहेत, ते नकाशावर मांडावं. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावाची जागा नदीपासून १०० मीटर, तर तलाव, वस्ती व पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर असावी, असं म्हटलं होतं.

२) आसपासच्या विहिरींचं पाणी आधीच तपासून घ्यावं. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून एक लिटर नमुना भरावा. विहीर, गट नंबर व तारीख लिहून प्रयोगशाळेत द्यावा. क्षार, क्लोराइड व नायट्रेट तपासायला सांगावं. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. आधीचा कागद नसेल, तर पुढं पाणी बिघडल्याचं दाखवणार कशावरून?

३) ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि नक्कल जपावी. नुसत्या ठरावानं प्रकल्प थांबतोच असं नाही, पण गावाचं म्हणणं कागदावर राहतं.

४) सुनावणीला भगिनींनीही यावं. पाणी त्याच भरतात. बोलावं, आणि तेच लेखीही देऊन पोच घ्यावी. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात. आपला मुद्दा राहिला असेल तर तिथंच उठून सांगावं.

मागं एका गावात एक आजोबा बैठकीत पोटतिडकीनं बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. लेखी मात्र कुणीच दिलं नाही, आणि कागदावर त्यातलं काहीच आलं नाही. मीही तिथं होतो. मलाही ते सुचलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

बंधूंनो, कचरा कुठंतरी जाणारच. नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. ओला-सुका वेगळा करूनच आणा, तळाला पक्कं अस्तर घाला, काळ्या पाण्याला टाकी बांधा, आमच्या विहिरी दर वर्षी तपासा, असं ठणकावून सांगा.

विहीर बिघडल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा, आधी एक अर्ज बरा.