पांढरी कावीळ आणि आपला हक्क

(किकवी येथे बुद्धविहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

आजच्या मंगलदिनी आजाराचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण भगवंतांची एक हकीकत आठवा. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बजावले की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. म्हणून हा विषय विहारातलाच आहे.

आम्ही गिरणी कामगार, डॉक्टर नव्हे. पण विचारून, वाचून जे समजले ते सांगतो. हिपॅटायटिस बी म्हणजे आपल्याकडे जिला पांढरी कावीळ म्हणतात ती. डोळे पिवळे होत नाहीत, अंग दुखत नाही, माणूस कामावर जातो आणि विषाणू वर्षानुवर्षे आतून यकृत पोखरतो. कळते तेव्हा पोटात पाणी झालेले असते, नाहीतर कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा आजार होता. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

तो पसरतो रक्तातून. वापरलेली सुई, दुसऱ्याचे वस्तऱ्याचे पाते, गोंदणाची सुई, शरीरसंबंध आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने साथ आली आणि अनेक माणसे दगावली. पण एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, हात हातात घेतल्याने तो पसरत नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. आमच्या ओळखीचा एक तरुण. एका कारखान्यात भरतीच्या वेळी रक्त तपासले, पॉझिटिव्ह निघाले, पोराला गेटवरूनच परत पाठवले. कारण कागदावर लिहून दिले नाही. घरी आला तर त्याचे ताट वेगळे, पेला वेगळा, पोरगी द्यायला आलेले पाहुणे माघारी. बंधूंनो, वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला हवे काय? ज्यांच्या आजा-पणजांना ओंजळीत वरून पाणी ओतले, त्यांनीच आपल्या लेकाचा पेला वेगळा ठेवावा? हे धम्मात बसत नाही आणि विज्ञानातही बसत नाही.

दुसरे, कावीळ उतरवणारे. हाताला आंब्याच्या सालीचा रस लावायचा, चुन्याच्या पाण्यात धुवायचा, पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली! ही रसायनाची करामत आहे. बऱ्याच काविळी आपोआप बऱ्या होतात आणि नाव मांत्रिकाचे होते. मोठ्या माणसाला बी झाली तरी शंभरात पंचाण्णव जण आपसूक सुटतात. पण जन्मताना लागण झाली तर शंभरातल्या नव्वद बाळांत ती कायमची घर करते. म्हणून खरी लढाई बाळंतपणाच्या खाटेवर आहे.

एकेकाळी ही लस परदेशातून यायची आणि गरिबाच्या खिशाला परवडायची नाही. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतीय लस काढली, किंमत उतरली. २०११-१२ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात आहे. जन्मल्यापासून २४ तासांत पहिला डोस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी. त्याआधी जन्मलेल्या आपल्यातल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य काविळीचा नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही, पण ठराविक मुदतीने तपासणी लागतेच. गोळी सुरू झाली तर बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडायची नाही.

मग अडते कुठे? गोळी फुकट, पण एस.टी.चे भाडे फुकट नाही. पुण्याला एक फेरी म्हणजे एक खाडा. रोजंदारीवरच्या बाईने पाच फेऱ्या माराव्यात तर चूल कशी पेटावी? एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवले की आपला माणूस चिठ्ठी खिशात घालून गावाला परत येतो. औषध आहे आणि माणूस मरतो, याला आम्ही नशीब म्हणत नाही.

इतिहास आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. त्यात फक्त पाणवठे नव्हते. शाळा, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. तळ्याचे पाणी आपण मिळवले. दवाखान्याची पायरी मात्र अजून पुरती चढलेलो नाही. हक्क कागदावर असतो. तो वापरायला पाय लागतात.

म्हणून या विहाराने चार कामे अंगावर घ्यावीत, अशी आमची विनंती आहे. एक, वस्तीतल्या प्रत्येक गरोदर भगिनीची ही रक्ततपासणी झाली का, ते महिला मंडळाने विचारावे. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपण दवाखान्यातच, म्हणजे बाळाला लशीबरोबर जास्तीचे इंजेक्शन वेळेत मिळेल. दोन, प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी अर्ज देऊन विहारात तपासणी शिबिर मागावे. अर्जाची पोच घ्यावी. तीन, रुग्णासोबत दवाखान्यात एक शिकलेला तरुण जावा आणि त्याचे भाडे दानपेटीतून द्यावे. चार, कुणाचा रिपोर्ट काय आला, हे वस्तीत बोलायचे नाही. ज्याचा आजार, त्याचे गुपित.

मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो ती उजेडासाठी. तो उजेड आजाऱ्याच्या खाटेपर्यंत नेऊ या. एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!