न पटणाऱ्या सोबत्याशी काम



बैल विकत घेताना शेतकरी त्याची चाल पाहतो, खोड पाहतो आणि मगच त्याला दावणीला बांधतो. सोयरीक जुळवताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. पण ज्याच्याबरोबर दिवसाचे सात-आठ तास काढायचे, तो कामावरचा सोबती मात्र आपल्याला निवडून घेता येत नाही. बदलीचा हुकूम निघतो आणि एके दिवशी तो समोरच्या खुर्चीत येऊन बसतो. कोणी कामचुकार, कोणी कुचका, कोणी उठल्याबसल्या चहाड्या करणारा, तर कोणी प्रत्येक गोष्टीत ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणणारा. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे म्हणायला सोपं. पण तीच प्रकृती रोज शेजारी येऊन बसली म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक!

अशा माणसाशी वागावं तरी कसं? माझं उत्तर थोडक्यात असं आहे: माणूस आवडलाच पाहिजे असं नाही, पण तुमच्या हातातून त्याच्या हातात जाणारं काम मध्ये सांडता कामा नये.

आपल्या पेणचाच दाखला घ्या. गणपतीच्या कारखान्यात एक मूर्ती किती हातांतून जाते! एक जण साच्यातून काढतो, दुसरा सांधे घासून साफ करतो, तिसरा रंग देतो आणि शेवटी कसलेला हात डोळ्यांची आखणी करतो. आता सांधे घासणाऱ्याचं आणि रंग देणाऱ्याचं पटत नाही असं समजा. ‘राहू दे खरखरीत, बसेल घासत!’ असं पहिल्यानं म्हटलं, की तो राग मूर्तीच्या अंगावर उमटतो. ती मूर्ती घरी नेणाऱ्याला या दोघांचं भांडण ठाऊक नसतं. त्याला दिसतो तो फक्त गणपतीच्या खांद्यावरचा ओरखडा.

रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आहेत. तिथं पाळी बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला सगळं सांगून जायचं असतं. कोणती झडप बंद आहे, कोणता पंप दुरुस्तीला काढलाय, वगैरे. हे सांगणं राहिलं तर काय होतं? ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा नावाच्या तेल आणि वायू काढणाऱ्या फलाटावर स्फोट होऊन १६७ माणसं मेली. एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती, आणि ही गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत नीट पोचली नव्हती. तिथं कोणाचं भांडण होतं असं मी म्हणत नाही. पण भांडण नसतानाही निरोप अडतो, तर अबोला धरल्यावर तो किती अडेल, याचा विचार करा.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याकडे स्फोट होत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण डोंगरातल्या वाडीवरची दोन शिक्षकांची शाळा डोळ्यांपुढे आणा. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. दोघांचा अबोला सुरू झाला, की निरोप मुलांकरवी जाऊ लागतात. ‘जा, त्या सरांना सांग!’ मुलं हे सगळ्यांत आधी ओळखतात. दुसरीच्या मुलाला वाचता येत नाही, ही गोष्ट तिसरीच्या शिक्षकाला कळत नाही, आणि ते पोर तसंच पुढे ढकललं जातं. दोन मोठ्या माणसांच्या भांडणाची किंमत अशी आठ वर्षांचं लेकरू मोजत असतं.

तेव्हा सोबत्याचा राग आला, की स्वतःला आधी एक प्रश्न विचारावा: याच्या वागण्यानं काम बिघडतंय, की माझं फक्त मन बिघडतंय? तो मोठ्यानं बोलतो, स्वतःची बढाई मारतो, चहाचा फुरका ओढतो. यानं कामाचं काय अडतं? काही नाही. मग तिकडे काणाडोळा करावा. भांड्याला भांडं लागायचंच.

पण काम बिघडत असेल, तर मात्र गप्प बसू नये. बोलावं, आणि त्यालाच बोलावं. चार जणांसमोर नव्हे, एकटं गाठून. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ म्हटलं की माणूस वाघासारखा अंगावर येतो, कारण ‘नेहमी’ या शब्दाला त्याच्याकडे उत्तर नसतं. त्यापेक्षा असं म्हणावं: ‘सर, सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस तुमचा वर्ग मी सांभाळला. माझी चौथीची मुलं तशीच बसून राहिली. उद्यापासून उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी कळवाल का?’ यात शिवी नाही, टोमणा नाही. वार आहे, झालेलं नुकसान आहे आणि एक मागणी आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, त्यापुढे कोकण रेल्वे. गाडी तीच, पण कोणाचा रूळ कोणी सांभाळायचा हे ठरलेलं आहे, म्हणून ती पुढे जाते. पोषण आहाराची नोंद कोणी ठेवायची, परिपाठ कोणत्या दिवशी कोणी घ्यायचा, हे एकदा कागदावर मांडून टाकावं. निम्मी भांडणं स्वभावाची नसतातच. ‘ते काम माझं नव्हे’ या एका वाक्याची असतात.

तिसरी गोष्ट, भांडण तिसऱ्याच्या कानी घालू नये. टिळक आणि आगरकर यांची गोष्ट आपण सारे जाणतो. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, तीत दोघे आजीव सदस्य. पुढे समाजसुधारणेवरून मतभेद झाले. त्यातच सदस्यांनी बाहेरचं काम घ्यावं की नाही, मिळकतीचं काय करावं, असे संस्थेतले वाद पेटले. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि वाद वर्तमानपत्रांच्या चव्हाट्यावर गेला. १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. दोघेही थोर, दोघेही निःस्वार्थी. तरीसुद्धा बंद खोलीत एका टेबलापाशी मिटू शकणाऱ्या गोष्टी चारचौघांत गेल्या म्हणजे त्यांना माघार उरत नाही. पाहणारे बाजू घेतात आणि भांडण मग आपलं राहत नाही, बाजूवाल्यांचं होतं.

आगरकर वारले १८९५ च्या जून महिन्यात. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला आपल्या पेण तालुक्यात, गागोदे गावी विनोबा भावे जन्मले. आश्रमात नाना स्वभावांच्या माणसांबरोबर त्यांनी जन्म काढला. त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की माणसाचे दोष म्हणजे भिंती आणि गुण म्हणजे दार. गरिबातल्या गरिबाच्या झोपडीलाही एक दार असतंच. आत जायचं तर भिंतीवर डोकं आपटू नये, दार शोधावं. तुमचा तो तिरसट सोबती कदाचित हिशेबात चोख असेल, कदाचित मुलांना खेळवण्यात रमत असेल. तेच काम त्याच्याकडे सोपवा आणि त्याबद्दल मोकळेपणानं बरं बोला. तो बदलेल याची हमी मी देत नाही. पण तुमचा दिवस सुसह्य होईल एवढं खास.

आता एक इशारा. मऊ लागलं म्हणून कोणी कोपरानं खणू लागला, तर सोसत राहणं हा चांगुलपणा नव्हे. पैशाची अफरातफर, मुलांना मारहाण, जातीवरून अपमान या गोष्टी ‘स्वभाव’ म्हणून पोटात घालू नयेत. तारीखवार लिहून वरिष्ठांकडे द्याव्यात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली कायदा झाला आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं तक्रारीसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान ठिकाणच्या भगिनींना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिथं दार शोधायचं ते न्यायाचं.

बाकी रोजच्या कुरबुरीपुरतं एवढंच ध्यानात ठेवा: जे मनाला लागतं पण कामाला लागत नाही, ते सोडून द्या, जे कामाला लागतं, ते त्यालाच, वेळेवर आणि नेमकं सांगा. उद्या सकाळी शाळेचं कुलूप उघडताना तोच माणूस पुन्हा शेजारी उभा असेल. त्याला निदान नमस्कार करा, आणि त्याच्या वर्गातून तुमच्या वर्गात येणाऱ्या पोराबद्दल एक प्रश्न विचारा. सुरुवातीला एवढं पुरे.