‘काल गेलो होतो’चे इंग्रजी



सहावी-सातवीतली मुले इंग्रजी निबंधात काळ चुकवतात, ही आपली नेहमीची तक्रार. आज मला त्या मुलांची बाजू मांडायची आहे. त्यांच्या पुष्कळशा चुकांच्या तळाशी चांगले मराठी असते.

‘काल मी आजीकडे गेलो होतो,’ असे आपण सहज म्हणतो. मुलगा लिहितो, ‘आय हॅड गॉन’. शिक्षक खोडून ‘वेंट’ करतात आणि मुलगा बुचकळ्यात पडतो, कारण त्याने तर ‘होतो’चेच ‘हॅड’ केले. मराठीतला हा ‘होतो’ एकट्या घटनेलाही चालतो. इंग्रजीतला ‘हॅड’ सहसा दोन घटनांपैकी आधीची दाखवतो. ‘मी स्टॉपवर पोचलो तेव्हा बस गेली होती,’ इथे तो शोभतो. हे एकदा सांगितले, की खोडायची वेळ कमी येते.

‘गेलो नाही’ घ्या. नकार आला तरी आपले ‘गेलो’ जागचे हलत नाही. म्हणून ‘डिड नॉट वेंट’. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने उचलले, की क्रियापद मूळ रूपात येते: ‘डिड नॉट गो’.

आपल्या पुण्यातल्या वनाझची मेट्रो पाहा. ‘2022मध्ये मेट्रो सुरू झाली आहे,’ हे मराठी कानाला खटकत नाही. इंग्रजीत सरलेले साल सांगितले, की ‘हॅज स्टार्टेड’ बसत नाही, ‘स्टार्टेड’च लागते. साल गाळून नुसती आजची बातमी द्यायची असेल, तर ‘हॅज स्टार्टेड’ योग्य.

गोष्ट सांगताना आपण म्हणतो, ‘राजा रानात गेला. बघतो तर काय, समोर वाघ!’ ‘गेला’वरून ‘बघतो’वर आलेली ही उडी मराठीचे वैभव आहे. शाळेच्या इंग्रजी निबंधात मात्र गोष्ट भूतकाळात सुरू केली, तर ती भूतकाळातच चालवावी.

मराठीचे नियम मांडण्याची आणि ते इंग्रजीशेजारी ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दादोबा पांडुरंगांनी 1836मध्ये मराठी व्याकरण छापले. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्यांना मराठी वाक्यांशेजारी इंग्रजी वाक्ये ठेवून शिकवले. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. इंग्रजी लवकर आले, पण शेजारी मराठी ठेवण्याची ती सवय सुटू नये, एवढीच माझी कळकळ आहे.

म्हणून एक विनंती. निबंध तपासण्याआधी मुलाला फक्त क्रियापदांखाली रेघ ओढायला सांगा. मग प्रत्येकापाशी विचारा: हे कधी घडले? याच्या आधी काही घडले होते का? हे मराठीत तू कसे म्हणशील? उत्तर देता देता बहुतेक मुले पेन्सिल उचलून आपली चूक आपणच दुरुस्त करतात. त्या क्षणी लाल शाई बाजूला ठेवा. मुलाला दोन भाषांमधला फरक कळला आहे आणि तो त्याने स्वतः शोधला आहे.