ब्रुकलिनचा १९४७ चा हंगाम

एका दिवसाची कसोटी आणि एका हंगामाची कसोटी ह्यांत मोठें अंतर आहे. एखाद्या दिवशीं दैव साथ देतें, प्रतिस्पर्ध्याचा हात चुकतो, आणि सामान्य खेळाडूहि वीर ठरतो. परंतु एप्रिलपासून सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज मैदानांत उतरावयाचें असेल, तर दैवाचा हिशेब चुकता होतो आणि उरतें तें माणसाचें कर्तृत्व. अमेरिकेंतील बेसबॉल हा असा हंगामाचा खेळ आहे. १९४७ सालीं तेथील मोठ्या लीगांतील प्रत्येक संघास एका हंगामांत १५४ सामने खेळावे लागत. त्या सालचा ब्रुकलिन डॉजर्स ह्या संघाचा हंगाम हा आजच्या भाषणाचा विषय. कारण त्या सहा महिन्यांत अमेरिकेच्या एका जुन्या पूर्वग्रहाची परीक्षा झाली.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. मैदानांत एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू. फेकलेला चेंडू गोल दांडूनें टोलवून, तीन ठाणीं ओलांडून मूळ ठाण्यास परत आलें म्हणजे एक धांव झाली. तीन गडी बाद झाले कीं बाजू बदलते, आणि असे प्रत्येकी नऊ डाव होतात. दहा संधींपैकीं तीन वेळां सुरक्षित फटका मारणारा येथें उत्तम फलंदाज गणला जातो. म्हणजे उत्तमालाहि सातदां हार खावी लागते. शिवाय चपळ खेळाडू, फटका बसलेला नसतांहि, चेंडू फेकणाऱ्याची नजर चुकवून पुढच्या ठाण्यावर पळतो. ह्यास ‘ठाणें चोरणें’ म्हणतात, आणि ही चोरी कायदेशीर व कौतुकाची असते.

ह्या खेळाच्या मोठ्या लीगांत १८८४ नंतर कृष्णवर्णीय खेळाडूस थारा नव्हता. तसा नियम कोठें लिहिलेला नव्हता. मालकांची मुकाट संमति हाच नियम. कृष्णवर्णीयांनीं आपल्या निराळ्या लीग उभारल्या होत्या, आणि त्यांत एकाहून एक सरस खेळाडू आयुष्य घालवीत होते. डॉजर्सचा सूत्रधार ब्रँच रिकी हा धर्मनिष्ठ, पण तितकाच पक्का व्यवहारी गृहस्थ. ही बंदी त्याला अन्यायाची वाटे; तिच्यामुळें उत्तम खेळाडू व त्यांचा प्रेक्षकवर्ग हातचा जातो, हेंहि त्याला दिसे. त्यानें कॅन्सस सिटी मोनार्क्स ह्या नीग्रो लीगच्या संघांतून जॅकी रॉबिन्सन ह्यास उचललें, आणि त्या संघास मोबदला म्हणून एक डॉलरहि दिला नाहीं. सत्कृत्याच्या हिशेबांत ही बाकीहि मांडली पाहिजे.

रॉबिन्सनचा जन्म १९१९ सालीं जॉर्जिया संस्थानांत, अर्धेलीनें शेती कसणाऱ्या कुटुंबांत झाला. आईनें त्याला कॅलिफोर्नियांत वाढविलें. कॉलेजांत त्यानें चार खेळांत नांव मिळविलें आणि महायुद्धांत तो सैन्यांत अधिकारी झाला. १९४४ सालीं टेक्ससमध्यें बसच्या मागच्या भागांत जाऊन बसण्यास त्यानें नकार दिला; त्यावरून लष्करी न्यायालयांत खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. अशा मानी पुरुषास रिकीनें २८ ऑगस्ट १९४५ च्या पहिल्याच भेटींत अट घातली कीं, शिवी कानीं आली तरी उत्तर द्यावयाचें नाहीं आणि मार बसला तरी हात उचलावयाचा नाहीं. १९४६ चें वर्ष त्यानें माँट्रियलच्या दुय्यम संघांत काढलें व त्या लीगच्या फलंदाजींत पहिला क्रमांक पटकावला.

१९४७ च्या वसंतांत डॉजर्समधील कांहीं खेळाडूंनीं त्याच्याविरुद्ध अर्ज करण्याची खटपट केली. संघ तेव्हां सरावासाठीं पनामांत होता. मुख्य शिक्षक लिओ ड्युरोशर ह्यानें मंडळींना मध्यरात्रीं उठवून खरमरीत शब्दांत तो बेत मोडून काढला. पण ९ एप्रिल रोजीं निराळ्याच कारणावरून ड्युरोशरलाच वर्षभर खेळाबाहेर काढण्यांत आलें! त्याच्या जागीं लवकरच बर्ट शॉटन हा शांत, वयस्क गृहस्थ आला. तो खेळाचा गणवेश न घालतां नेहमींच्या पोषाखांतच बसे.

१५ एप्रिल रोजीं एबेट्स फील्डवर बोस्टनविरुद्ध पहिला सामना झाला. रॉबिन्सनला त्या दिवशीं एकहि सुरक्षित फटका मिळाला नाहीं. तथापि सातव्या डावांत त्यानें हलकेंच टेकवलेल्या चेंडूवर प्रतिपक्षाची फेक चुकली, आणि पुढें त्याच्याच पायांनीं आघाडीची धांव आली. ब्रुकलिननें ५–३ असा सामना जिंकला.

खरी परीक्षा आठवड्याभरांत आली. २२ एप्रिल रोजीं फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला आला. त्याचा शिक्षक बेन चॅपमन व त्याचे खेळाडू ह्यांनीं बाकावर बसून रॉबिन्सनच्या वर्णावर जी गलिच्छ शिवीगाळ केली, तिनें आपला तोल जावयाचाच राहिला होता, असें त्यानें पुढें लिहून ठेवलें आहे. तो बोलला नाहीं. आठव्या डावांत त्यानें फटका मारला, दुसरें ठाणें चोरलें, घाईची फेक चुकतांच तिसरें गांठलें, आणि सहकाऱ्याच्या फटक्यावर मूळ ठाण्यास आला. त्या सामन्यांतील ती एकुलती एक धांव! त्याच मालिकेंत एडी स्टँकी हा त्याचा सहकारी, जो दुसऱ्यास उत्तर देण्याची मनाई आहे त्याला काय छळतां, म्हणून प्रतिपक्षावर ओरडला. फूट पाडावयास निघालेल्या शिव्यांनीं ब्रुकलिनचा संघ एक केला.

ह्या हंगामाशीं रेडिओचाहि एक धडा निगडित आहे. डॉजर्सच्या सामन्यांचें वर्णन करणारा रेड बार्बर हा दक्षिणेंतील मिसिसिपीचा. रिकीचा बेत समजतांच नोकरी सोडावी असें त्याच्या मनानें घेतलें. पत्नीनें त्याला घाई न करण्याचा सल्ला दिला. विचारांतीं त्याला उमगलें कीं, मैदानांत जें घडेल तें सांगणें एवढेंच आपलें काम. त्यानें रॉबिन्सनचें वर्णन इतर कोणाहि खेळाडूसारखेंच केलें. घरोघरीं ऐकणाऱ्यांपुढें एक वर्ण न येतां एक खेळाडू आला, ही कांहीं लहान सेवा नव्हे.

आतां लांब हंगामाचें महत्त्व पाहा. एप्रिलअखेर रॉबिन्सनचे फटके अगदीं आटले होते. सामने दहाच असते, तर ‘ह्यांना जमत नाहीं’ असा निकाल कायमचा लागला असता. शॉटननें त्याला काढलें नाहीं. जून–जुलैमध्यें त्यानें सलग २१ सामन्यांत फटके मारले. मे महिन्यांत सेंट लुईसचे कांहीं खेळाडू संप करणार असें वृत्त आलें, त्यांनीं तें नाकारलें, आणि तो संप झाला नाहीं. भारत स्वतंत्र झाला त्या ऑगस्टमध्यें ब्रुकलिन अग्रभागीं होतें. अखेरीस ९४ विजय व ६० पराजय मिळवून, सेंट लुईसला पांच सामन्यांनीं मागें टाकून, डॉजर्सनीं लीग जिंकली. रॉबिन्सन १५१ सामने खेळला. ५९० संधींत १७५ फटके, १२५ धांवा, आणि २९ ठाणीं चोरलीं. चोरींत तो लीगमध्यें पहिला, आणि वर्षांतील उत्कृष्ट नवा खेळाडू हा मान त्या वर्षीं प्रथमच सुरू होऊन त्यालाच मिळाला. ब्रुकलिनच्या मैदानावर वर्षभरांत अठरा लाखांवर प्रेक्षक आले. धांवफलकावर वर्णाचा रकाना नसतो. रोज एक आंकडा पडत गेला, आणि शंकेला जागा उरली नाहीं.

न्यूयॉर्क यांकीजशीं झालेली अंतिम मालिका मात्र डॉजर्स सातव्या सामन्यांत ५–२ नें हरले. आणि जिंकलेलें तरी सारें एकदम हातीं आलें असें नाहीं. जुलैमध्यें क्लीव्हलंडनें लॅरी डोबीस घेतलें. पण बोस्टन रेड सॉक्सनें पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरविला तो १९५९ मध्यें, बारा वर्षांनीं. उत्तम खेळाडू निघून जाऊं लागल्यावर नीग्रो लीगांचा संसार मोडला. त्यांतील अनेक वयस्क गुणी माणसांना दार उघडलें तेव्हां वेळ निघून गेली होती.

डॉजर्सनीं १९५५ सालीं अंतिम मालिका जिंकली, आणि १९५७ नंतर ते ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले. रॉबिन्सन १९७२ मध्यें अवघ्या ५३ व्या वर्षीं वारला. त्याचा ४२ हा अंक १९९७ मध्यें साऱ्या मोठ्या संघांनीं इतरांस देणें बंद केलें; केवळ १५ एप्रिलला आतां प्रत्येक खेळाडू तोच अंक पाठीवर धारण करतो. त्या सन्मानाकडे पाहतांना, त्याची किंमत एका मानी माणसानें रोजच्या मौनानें भरली होती, ह्याचा विसर पडूं नये. अन्याय करणाऱ्यांकडून शांतपणाची अपेक्षा कोणीच केली नाहीं. ती सोसणाऱ्याकडूनच केली गेली. ती त्यानें पुरी केली, हा त्याचा मोठेपणा. ती करावी लागली, हें त्या समाजाचें उणेपण.